सायकलवरून उतरल्यावर बसायचं कुठं?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका आईनं सांगितलं, की तिच्या लेकीला मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल आता गोठ्यात उभी आहे. सायकल चांगली आहे, मागची ट्यूबसुद्धा नवी घातलेली आहे. पण मुलगी चालवत नाही. का, तर "आता मोठी झाली, बरं दिसत नाही". बैठकीत त्यावर कुणी काही बोललं नाही. पुढचा विषय कर्जाच्या हप्त्याचा होता, तो सुरू झाला. मला मात्र घरी पोचेपर्यंत ती गोठ्यातली सायकल डोळ्यांपुढून जाईना.

म्हणून आज एका रस्त्याची आणि त्या रस्त्यावरच्या बायकांची गोष्ट सांगते. गोष्ट इंग्लंडातली आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची. शेंगा फोडत ऐकलीत तरी चालेल, हातातलं काम थांबवायला नको.

लंडन शहराच्या नैर्ऋत्येला सरे नावाचा परगणा आहे. त्यातून वे नावाची नदी वाहते. नदी म्हटल्यावर कृष्णा-गोदावरी डोळ्यांपुढं आणू नका. आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याची थोरली बहीण म्हणावी, एवढीच ती. गिल्डफर्ड गावावरून संथ वाहत येते आणि वेब्रिजजवळ थेम्स नदीला मिळते. दोन्ही काठांना गुरांची कुरणं, मधूनमधून पाणचक्क्या. १६५३ साली या नदीत मालाच्या होड्या सुरू झाल्या. काठाकाठानं घोडा चालायचा आणि दोरानं होडी ओढायचा. पीठ, लाकूड, बंदुकीची दारू असा माल तिच्यावरून लंडनला जायचा. नदीच्या एका वळणावर न्यूआर्क नावाच्या जुन्या मठाच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. आणि या सगळ्यातून गावाला गाव जोडणाऱ्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं. समोरून दुसरी गाडी आली तर एकीनं बाजूला थांबायचं, अशा.

या खोऱ्यातून एक मोठा रस्ताही जायचा, लंडनहून पोर्ट्समथ बंदराला जाणारा. पोर्ट्समथ म्हणजे इंग्रजांच्या आरमाराचं ठाणं. त्यामुळं खलाशी, अधिकारी, टपाल, सगळं याच रस्त्यानं घोडागाड्यांतून यायचं-जायचं. घोडे दमले की बदलायचे, माणसं भुकेली की जेवायची. त्यासाठी रस्त्याकडेच्या गावांत खानावळी होत्या, त्यांतच मुक्कामाची सोय. लंडनपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचं रिप्ले हे असंच एक गाव.

मग रेल्वे आली. १८३८ साली ती जवळच्या वोकिंगपर्यंत पोचली, १८४५ साली गिल्डफर्डला. रिप्लेला मात्र स्टेशन झालं नाही. घोडागाड्या एकामागून एक बंद पडल्या आणि ज्या रस्त्यावर रात्रंदिवस टापा वाजायच्या तिथं सामसूम झाली. खानावळवाल्यांच्या पोटावर पाय आला. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं आपल्याकडं जे होतं, तेच तिथं झालं. तीसेक वर्षं तो रस्ता असाच पडून होता.

त्याला पुन्हा जाग आणली सायकलनं.

१८७०च्या दशकात जी सायकल होती ती तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं अगदी टीचभर. तिच्यावर चढायलाच कसरत लागायची, आणि पडला तर माणूस डोक्यावर पडायचा. लंडनची तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी ही सायकल घेऊन शहराबाहेर पडायची. त्यांना हा पोर्ट्समथचा रस्ता सापडला. रुंद, त्या काळच्या मानानं गुळगुळीत, आणि रहदारी नाही. रिप्लेपर्यंत यायचं, जेवायचं, पडायचं थोडा वेळ, आणि संध्याकाळच्या आत परत. बघता बघता सगळ्या देशातल्या सायकलवाल्यांत या रस्त्याचं नाव झालं. पंढरीची वाट म्हणावी, तसं त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं.

ही माणसं रिप्लेत उतरायची कुठं? 'अँकर' नावाच्या एका जुन्या, बसक्या खानावळीत. ती चालवत होत्या डिबलबाई आणि त्यांच्या दोन मुली, अ‍ॅनी आणि हॅरिएट. इतर बऱ्याच खानावळी सुरुवातीला सायकलवाल्यांना दारात उभं करायला नाखूश होत्या. धुळीनं माखलेली, घामेजलेली पोरं, घोडा नाही, गाडी नाही, यांच्याकडून काय मिळणार! डिबल मायलेकींनी त्यांना घरच्यासारखं घेतलं. येणारा प्रत्येक जण तिथल्या वहीत सही करून जायचा. अशा वह्यांवर वह्या भरल्या. पुढं दोघी बहिणी गेल्या, तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी सायकलवाल्यांनी वर्गणी काढली आणि रिप्लेच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवली. लढाईत पडलेल्या सरदारांची नावं चर्चच्या भिंतींवर सापडतात. दमून आलेल्यांना जेवू घालणाऱ्या दोन बहिणींसाठी खिडकी, हे मला फार आवडलं.

आता तुम्ही म्हणाल, सायकलवाल्या बायका कुठं आहेत यात?

त्या उंच चाकाच्या सायकलवर झगा घालून बसणं शक्यच नव्हतं. हौस असलेल्या बायका तीनचाकी चालवायच्या. खुद्द व्हिक्टोरिया राणीनं १८८१ साली तीनचाकी मागवल्या होत्या, त्यामुळं 'बाईला शोभत नाही' म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत झाली. पण तीनचाकी जड आणि महाग. खरा बदल झाला १८८५ साली. कॉव्हेन्ट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मध्ये, आणि साखळीनं मागचं चाक फिरणारं. आज आपल्या दारात उभी असते ती सायकल म्हणजे हीच. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये राहणाऱ्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर बनवलं. त्याआधी चाकाला भरीव रबर असायचं आणि प्रत्येक दगड मणक्यात कळायचा. हवेचं टायर आलं आणि सायकल कुणालाही बसता येईल अशी झाली. मग बायकांसाठी वेगळी घडण आली. मधली दांडी खाली वाकवलेली, साखळीला झाकण, मागच्या चाकाला झगा अडकू नये म्हणून दोऱ्यांची जाळी. आपल्या लेडीज सायकलला साडीसाठी जी जाळी असते, तिची आजी ती.

१८९५-९६ च्या सुमाराला इंग्लंडात सायकलची अशी काही लाट आली, की रविवारी रिप्लेच्या रस्त्यावर चाकांना चाकं लागायची. एच. जी. वेल्स या लेखकानं १८९६ साली याच रस्त्यावरची कादंबरी लिहिली, 'द व्हील्स ऑफ चान्स'. कापड दुकानातला एक नोकर दहा दिवसांच्या सुट्टीत सायकलवर निघतो आणि त्याला वाटेत एक मुलगी भेटते. एकटी, सायकलवर, आणि झग्याऐवजी विजार घातलेली. वाचणाऱ्यांना हे काही आकाशातून पडल्यासारखं वाटलं नाही. अशा मुली तोवर रस्त्यावर दिसू लागल्या होत्या.

पण दिसणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं. अडचण कपड्यांपासून सुरू व्हायची. त्या काळच्या बऱ्या घरच्या इंग्रज बाईच्या अंगावर काय काय असायचं ऐका. पोट आवळणारी कडक चोळी, तिच्या आत पोलादाच्या नाहीतर देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्या. खाली एकावर एक परकर. त्यावर पायघोळ झगा, जमिनीवर लोळणारा. १८८१ साली काही बायकांनी मिळून शहाण्या पोशाखासाठी एक मंडळ काढलं. त्यांचं मागणं किती साधं, की आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा जास्त असू नये. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलो. कमीत कमी नव्हे, जास्तीत जास्त सव्वातीन किलो, आणि ते नुसतं आतल्या कपड्यांचं! हा झगा सायकलच्या चाकात गेला की बाई तोंडावर पडायची, आणि मग लोक म्हणायचे, बघा, बायकांना सायकल जमत नाही.

या मंडळाच्या पुढारी होत्या लेडी हार्बर्टन. खानदानी घरची बाई, नवरा सरदार घराण्यातला. त्यांनी दुभागलेला झगा काढला, म्हणजे वरून झगा दिसावा पण आत दोन पायांना दोन भाग. पुढं सायकलसाठी त्या गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार आणि वर जॅकेट घालू लागल्या.

इथं मला माझ्या आजीची आठवण येते. आजी नऊवारी नेसायची. काष्टा मागं खोचला की दोन्ही पाय मोकळे. त्याच लुगड्यात ती भात लावायची, विहिरीत उतरायची, गाढवावर ओझं टाकून डोंगर चढायची. विलायतेतल्या बायकांना ज्या नेसण्यासाठी मंडळ काढावं लागलं, ते आमच्या आजीच्या अंगावर होतंच. काष्ट्यात सायकल झकास चालवता आली असती. पण सायकल तिला कुणी दिली नाही. आणि माझ्या आईच्या पिढीला सायकल हाताशी आली, तोवर आम्ही काष्टा सोडून गोल पातळ नेसायला लागलो होतो. असो.

इंग्लंडात विजार घातलेल्या बाईला काय काय ऐकावं लागायचं, त्याचा एक दाखला देते. १८९३च्या सप्टेंबरात ब्रायटनच्या टेसी रेनॉल्ड्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं समुद्रकाठच्या त्या गावाहून लंडन गाठलं आणि परत आली. सुमारे १९० किलोमीटर, साडेआठ तासांत, पुरुषी सायकलवर, विजार घालून. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली. अंतराबद्दल नाही, विजारीबद्दल. काही डॉक्टरांनी तर सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा वेडावाकडा होतो असं छापून आणलं. त्या रोगाला नावसुद्धा दिलं होतं, 'सायकलचा चेहरा'. पुरुषांना तो रोग फारसा होत नसे म्हणे.

आता येते मुख्य गोष्ट. रिप्लेपासून थोड्याच अंतरावर, मोठा रस्ता सोडून आत गेलं की ओकम नावाचं लहान गाव लागतं. तिथं 'होबॉय' नावाची खानावळ होती आणि ती चालवायच्या स्प्रेगबाई. २७ ऑक्टोबर १८९८ या दिवशी लेडी हार्बर्टन सायकलवरून तिथं पोचल्या. वय पन्नाशीच्या पुढं. जेवण हवं होतं. त्यांनी कॉफीच्या खोलीत जेवण मागितलं. कॉफीची खोली म्हणजे बऱ्या घरच्या प्रवाशांची जेवणाची खोली. स्प्रेगबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, विजार पाहिली आणि सांगितलं, या कपड्यांतल्या बायकांना मी त्या खोलीत घेत नाही. जेवायचं तर दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत बसा. त्या खोलीत दारू पिणारे पुरुष बसलेले, तंबाखूचा धूर. लेडी हार्बर्टन तिथं जेवल्या नाहीत. निघून गेल्या.

तिथंच गोष्ट संपली असती. आपल्यातली कुणी असती तर मुकाट सायकल काढली असती आणि घरी कुणाला सांगितलंही नसतं. पण लेडी हार्बर्टन सायकलवाल्यांच्या एका मोठ्या संघाच्या सभासद होत्या. हा संघ १८७८ साली निघाला होता आणि बायकांनाही त्यात घेत असे. गावोगावच्या खानावळींशी त्यानं ठराव केले होते, की आमच्या सभासदाला अमुक भावात जेवण, तमुक भावात मुक्काम. अशा खानावळींच्या दारावर पंख असलेल्या चाकाची खूण लागायची. होबॉयवरही ती होती. संघानं ठरवलं, आपण खटला भरायचा.

कायदा त्यांच्या बाजूचा वाटत होता. इंग्लंडात जुना दंडक आहे, की खानावळवाल्यानं दारात आलेल्या वाटसरूला, जागा आणि अन्न असताना, विनाकारण परत पाठवायचं नाही. पूर्वी रस्त्यावर दरोडेखोर असायचे, रात्री दार बंद झालं तर माणूस जिवाला मुकायचा, त्यातून हा नियम आला. एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टनच्या कोर्टात खटला उभा राहिला. प्रश्न एवढाच होता, की बाईला अन्न नाकारलं का?

स्प्रेगबाईंचा वकील हुशार होता. तो म्हणाला, अन्न कुठं नाकारलं? जेवण द्यायला आम्ही तयारच होतो, फक्त दुसऱ्या खोलीत. आणि ती खोली काही वाईट नव्हती. त्यानं खोलीचा फोटोच कोर्टापुढं ठेवला. फोटोत खोली अगदी नीटनेटकी दिसत होती. आता फोटोला तंबाखूचा वास येत नाही, आणि फोटो काढायच्या दिवशी खोली कोण झाडत नाही? पण निकाल देणारे पंच सगळे पुरुष. बायकांना पंच म्हणून बसायचा हक्क तिथं १९१९च्या कायद्यानं मिळाला. पंचांनी स्प्रेगबाईंना निर्दोष सोडलं. लेडी हार्बर्टन खटला हरल्या.

या खटल्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. सगळा राग स्प्रेगबाईंवर काढावा असं मला वाटत नाही. त्यांचा धंदा गिऱ्हाइकांवर चाललेला. विजारीतली बाई बसली म्हणून शेजारच्या टेबलावरची चार माणसं उठून गेली असती, तर त्यांचं नुकसान कुणी भरून दिलं असतं? बाईला बाईच अडवते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अडवणारी बाई कुणाच्या भीतीनं अडवते, हेही बघावं लागतं. तरीसुद्धा एक खरं. त्याच खोऱ्यात, हाकेच्या अंतरावर, डिबल मायलेकी धुळीनं माखलेल्या अनोळखी माणसांना आत घेत होत्या, आणि त्यांचा धंदा बुडाला नाही. उलट वाढला.

आणि ती 'दुसरी खोली'. ती मला चांगली माहीत आहे.

१९९४ साली मी बालवाडीत काम करत होते. चार वाड्यांना जायचं, सगळ्या नदीच्या काठानं. एसटी दिवसातून दोनदा. मी एक जुनी जेन्ट्स सायकल घेतली. हाफ पायडलनं शिकले, दोनदा कालव्यात पडले, मग जमली. पातळ वर खोचायचं, पदर कमरेला गुंडाळायचा आणि निघायचं. त्या रस्त्यावर तेव्हा गाड्या नव्हत्या. उसाच्या हंगामातल्या बैलगाड्या तेवढ्या. सकाळी नदीवर धुकं असायचं, बगळे उठायचे, आणि मला वाटायचं, हा रस्ता माझ्या एकटीचा आहे. तसं वाटायची सवय आपल्याला नसते ना, म्हणून ते लक्षात राहिलं.

फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं. एकदा उन्हाची मी तिथं थांबले. बाहेरच्या बाकावर जागा होती. मालक म्हणाला, "बाई, आत फॅमिली रूम आहे." आत म्हणजे पडद्यामागं, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या क्रेटमध्ये एक टेबल. पंखा नाही, खिडकी नाही. तो काही वाईट बोलला नाही, उलट मान देऊनच बोलला. मी आत बसून चहा प्याले. घाम पुसत, पडद्याकडं बघत. चहाचे पैसे बाहेर बसणाऱ्यांएवढेच घेतले. त्यानंतर मी तिथं थांबलेच नाही, पाण्याची बाटली बरोबर ठेवायला लागले. पुष्कळ वर्षांनी लेडी हार्बर्टनची हकिकत वाचली तेव्हा मी मोठ्यानं हसले. आमच्या फॅमिली रूमचा फोटो काढला असता तर तोही चांगलाच आला असता.

पुढं इंग्लंडात काय झालं ते थोडक्यात सांगते. खटला हरला, पण बायका काही सायकलवरून उतरल्या नाहीत. कपडे हळूहळू बदलले. विसाव्या शतकात सायकल स्वस्त झाली, जुनी सायकल तर कामकऱ्यालाही परवडू लागली. गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाया सायकलवर आल्या, आपल्या नर्सताई आणि आशाताई फिरतात तशा. बाळंतिणीच्या घरी पोचायला आता घोडागाडीची वाट पाहायला नको. लेस्टर शहरात बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या अ‍ॅलिस हॉकिन्स मतदानाच्या हक्काचा निरोप सायकलवरून आसपासच्या गावांत नेत. एका सायकल कंपनीनं १९०९ साली त्या चळवळीच्या रंगांत, जांभळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या, बायकांची खास सायकलच काढली. लेडी हार्बर्टन १९११ साली गेल्या. बायकांना मत मिळालेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

आणखी एक गंमत. डॉर्सेट नावाच्या परगण्यातल्या लग्नाच्या जुन्या नोंदी एका अभ्यासकानं तपासल्या. कामकऱ्यांच्या सोयरिकी आधी बहुतेक गावातल्या गावात व्हायच्या. १८८०च्या दशकाच्या मध्यानंतर त्या लांबच्या गावांत जुळायला लागल्या. त्याला कारणं पुष्कळ असतील, पण त्यांत सायकलही धरतात. म्हणजे मध्यस्थाची निम्मी पायपीट सायकलनं केली म्हणायची.

रस्तेही सुधारले. खड्डे बुजवा म्हणून सरकारच्या मागं लागणारी इंग्लंडातली संघटना १८८६ साली सायकलवाल्यांनीच उभी केली होती, मोटारवाल्यांच्या कितीतरी आधी. मग त्या चांगल्या रस्त्यांवर मोटारी आल्या आणि सायकलवाल्यांनाच कडेला ढकललं. आज पोर्ट्समथचा मोठा हायवे रिप्लेला वळसा घालून जातो. नदीकाठच्या आडवाटांवर मात्र अजून सायकली दिसतात. २०१२ साली लंडनला ऑलिंपिक झालं, तेव्हा रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचा मार्ग याच रिप्लेतून नेला होता. २९ जुलैला बायकांची शर्यत झाली, १४० किलोमीटरची. सपाटून पाऊस पडत होता. गावकरी छत्र्या घेऊन दोन्ही बाजूंना उभे. हॉलंडची मारिआना व्होस पहिली आली. पुरुषांची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. बायकांची रस्त्यावरची शर्यत यायला १९८४ साल उजाडलं.

हे सगळं लांबचं झालं असं वाटत असेल तर जवळचं सांगते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा कोरडा, गरीब जिल्हा आहे. १९९१ च्या सुमाराला तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती. कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. अक्षर शिकवता शिकवता लक्षात आलं, की बाईला वर्गापर्यंत येताच येत नसेल तर पाटी-पेन्सिलचा उपयोग काय? म्हणून मोहिमेत सायकल शिकवणं घेतलं. शेतमजूर बायका, दगडखाणीतल्या बायका, अंगणवाडीच्या सेविका, नर्सबाया, मैदानात घोळक्यानं सायकल शिकू लागल्या. पुरुषांनी टोमणे मारायचे ते मारले. लेडीज सायकली दुकानांतून संपल्या, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं. पी. साईनाथ या पत्रकारानं आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे. त्या बायका मागं पाण्याच्या घागरी, पुढं पोर, असं घेऊन जात. बाजारात भाजी नेताना मधल्या माणसाला कमी विचारावं लागलं आणि एसटीची वाट बघण्यातला वेळ वाचला.

मला त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. एकेकटी बाई शिकली असती तर ती 'पुढारलेली' ठरली असती. शंभर जणी एकदम रस्त्यावर आल्या, मग कुणाला काय म्हणणार? होबॉयच्या दारात लेडी हार्बर्टनबरोबर आणखी वीस जणी विजार घालून उभ्या असत्या, तर स्प्रेगबाईंनी कॉफीच्या खोलीचं दार उघडलं असतं, असं माझं आपलं मत. वीस जेवणांचा गल्ला कोण सोडतं!

तर मैत्रिणींनो, आता माझं एक काम आहे तुमच्याकडं. तुमच्या गावात पहिली सायकल चालवणारी बाई कोण, हे विचारून ठेवा. शिक्षिका असेल, नर्स असेल, दूध घालणारी असेल, कुणाची सून असेल. ती काय नेसायची, सायकल कुणाची होती, लोक काय म्हणाले, आणि वाटेत दमली की बसायची कुठं, हे सगळं विचारा. ती हयात असेल तर तिच्याच तोंडून ऐका. केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर चिठ्ठी पाठवा, आम्ही पुढच्या भागात वाचू.

आणि त्या गोठ्यातल्या सायकलवाल्या मुलीच्या आईलाही मी विचारलं आहे, येत्या रविवारी सकाळी सायकल घेऊन नदीकडच्या रस्त्याला येणार का. लेकीला घेऊन. ती म्हणाली, "मला येत नाही." मी म्हटलं, "लेकीला येतंय ना, ती शिकवील." अजून तिनं हो म्हटलेलं नाही.